आधी १९३०, मग रडणं

चोपड्यात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. २००७ मध्ये सुरू केलं तेव्हा लोक बटणाचे फोन आणायचे आणि तक्रार ठरलेली असायची, आवाज येत नाही किंवा चार्जिंग होत नाही. आता पुष्कळदा फोन ठणठणीत असतो आणि माणूसच हादरलेला असतो. काउंटरवर फोन ठेवतो, मागे कोणी ओळखीचं उभं नाही ना ते बघतो आणि हळूच म्हणतो, "भाऊ, मना मोबाईलमा काय व्हई गयं, जरा देख ना." या महिन्याच्या पत्रांतही मला तोच दबका आवाज ऐकू आला. काही पत्रांना सविस्तर उत्तर देतो, काहींना थोडक्यात.

आमच्या गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'पीएम किसान नवीन यादी' अशी फाइल आली. पाठवणारा आमच्याच भाऊबंदांतला. मी ती उघडली आणि जे विचारलं त्याला 'हो' करत गेलो. यादी काही दिसली नाही. रात्री माझ्या नंबरवरून तीच फाइल सगळ्या ग्रुपवर गेली. खात्यातून अजून काही गेलेलं नाही. फोन बंद करून कपाटात ठेवलाय. केळीच्या कटाईचे पैसे याच खात्यात येणार आहेत. पुढे काय करू?
— केळी उत्पादक, रावेर तालुका

दादा, फोन बंद केलात हे फार चांगलं झालं. आता तो तसाच राहू द्या, आधी त्यातलं सिम काढा. घरात जुना बटणाचा फोन असेल तर सिम त्यात टाका. तुमचे ओटीपी त्या फोनवर येतील आणि ते वाचणारं कोणी मध्ये बसलेलं नसेल. मग बँकेला फोन करून यूपीआय, नेटबँकिंग आणि एटीएम कार्ड तात्पुरतं बंद करायला सांगा. बँकेचा नंबर पासबुकावरून किंवा एटीएम कार्डाच्या मागून घ्या. तो गुगलवर शोधू नका, तिथे ठगांनी पेरलेले नंबरही सापडतात. आणि व्यापाऱ्याला आजच निरोप द्या, म्हणावं हिशेब आठ दिवस थांबव, नाहीतर धनादेश दे.

आता त्या फाइलचं. अशा फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' ही अक्षरं असतात. यादी कधी एपीके नसते, लग्नपत्रिका नसते, आरटीओचं चलानही नसतं. ती पीडीएफ असेल, फोटो असेल. एपीके म्हणजे अख्खं अ‍ॅप, फोनमध्ये राहायला आलेलं. गेल्या लग्नसराईत माझ्याकडे असा एक फोन आला होता. मी तो नेट बंद ठेवून उघडला. त्या अ‍ॅपचं चिन्ह स्क्रीनवर कुठेच नव्हतं, स्वतःला लपवून बसलं होतं. सेटिंगमधल्या अ‍ॅपच्या यादीत सापडलं, तर 'अनइन्स्टॉल'चं बटण फिकं पडलेलं, दाबलं तरी ढिम्म. कारण मालकानं नकळत त्याला 'डिव्हाइस अ‍ॅडमिन' करून ठेवलं होतं. शिवाय एसएमएस वाचायची, संपर्क बघायची आणि 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'ची परवानगी दिलेली. ही शेवटची सोय मुळात ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी आहे. ती स्क्रीनवरचं वाचते आणि माणसाच्या वतीनं बटणंही दाबू शकते. ती ठगाच्या हातात पडली की तुमचा फोन तो तिकडून चालवतो.

आपण सालदार ठेवतो तर आधी चार जणांकडे चौकशी करतो, आणि पहिल्याच दिवशी घराच्या, गोठ्याच्या, कपाटाच्या किल्ल्या त्याच्या हाती देत नाही. फोनवर येणारा प्रत्येक 'अलाऊ' ही एकेक किल्ली आहे. कुलूप कोणी तोडत नाही, किल्ली आपण देतो.

तुमच्या भाऊबंदावर रागावू नका. त्याच्या फोनचंही हेच झालं असणार, फाइल त्यानं पाठवलेलीच नाही. दुसऱ्याच्या फोनवरून ग्रुपवर आवाजात निरोप टाका की माझ्या नंबरची फाइल कोणी उघडू नका. लिहिलेला निरोप लोक वाचत नाहीत, आवाज ऐकतात.

सफाई अशी. सिम बाहेर आणि वायफाय बंद ठेवून फोन 'सेफ मोड'मध्ये सुरू करा. त्यात बाहेरून आलेली अ‍ॅप चालत नाहीत. सेटिंगमध्ये 'डिव्हाइस अ‍ॅडमिन' शोधून त्या अ‍ॅपची खूण काढा, अ‍ॅक्सेसिबिलिटी बंद करा, मग अ‍ॅप काढा. एवढ्यावर माझं समाधान होत नाही. फोटो आणि नंबर दुसरीकडे घेऊन फोन पूर्ण रिकामा करा, म्हणजे फॅक्टरी रिसेट. त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅप पुन्हा सुरू करून 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये अनोळखी काही दिसलं तर काढून टाका आणि सहा आकडी टू-स्टेप पिन लावा. यूपीआयचा पिन आणि ईमेलचा पासवर्ड नवा करा. आणि सेटिंगमध्ये 'इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स' असं लिहिलेलं असतं तिथे जाऊन व्हॉट्सअ‍ॅपसमोरचं बटण बंद करा. ते चालू राहिलं असेल तर पुढची एपीके आणखी सहज आत येते.

पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत, २०१९ पासून थेट खात्यात येतात. त्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपवरून कोणतीही फाइल उघडावी लागत नाही. यादी बघायची तर योजनेच्या सरकारी संकेतस्थळावर किंवा गावातल्या सेवा केंद्रावर बघा.

डिस्प्ले फुटला म्हणून फोन दुकानात दिला. त्यांनी पॅटर्न मागितला, फोन दोन दिवस ठेवून घेतला. माझे सगळे फोटो त्यात होते. काही झालं असेल का या विचारानं झोप लागत नाही.
— विद्यार्थिनी, शहादा

ताई, माझ्या धंद्यातलं आहे म्हणून स्पष्ट लिहितो. डिस्प्ले बदलायला पॅटर्न लागत नाही. टच चालतो की नाही हे लॉक स्क्रीनवरच्या 'इमर्जन्सी कॉल'च्या आकड्यांवर बोट फिरवून कळतं. चार्जिंगची पट्टी बदलली तर टक्के लॉक स्क्रीनवर दिसतात. पॅटर्न क्वचित लागतो, सॉफ्टवेअरचं काम असेल तर, आणि तेव्हा तुम्ही समोर बसायचं. माझ्या दुकानात मी पॅटर्न लिहून घेत नाही, पोरांनाही ते सांगून ठेवलंय.

तुमच्या बाबतीत वाईटच घडलं असेल असं मी म्हणणार नाही, बहुतेक कारागीर प्रामाणिक आहेत. पण मनाची शांतता हवी तर पॅटर्न बदला, गुगल खात्याच्या सुरक्षेच्या पानावर कोणकोणत्या उपकरणांवर तुमचं खातं उघडं आहे ते पाहा आणि ओळखीचं नसेल ते काढा. पुढच्या वेळी सिम आणि मेमरी कार्ड घरी ठेवून जा. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये 'मेंटेनन्स मोड' असतो, तो लावला की कारागिराला फोन चालवता येतो, पण तुमचे फोटो, मेसेज दिसत नाहीत. आणि कधी कोणी फोटोवरून धमकावलं तर एक रुपया देऊ नका, धमकीचे स्क्रीनशॉट जपा, घरातल्या एका माणसाला सांगा आणि पोलिसांत जा. चूक त्याची असते, तुमची नाही.

मित्र म्हणतो, तुझं बँक खातं आणि एटीएम कार्ड वापरायला दे, महिन्याला पाच हजार मिळतील. सिमही नवीन काढून द्यायचं आहे. यात धोका आहे का?
— तरुण, शिरपूर

भाऊ, देऊ नकोस. दिलं असेल तर आजच बँकेत जा, खातं बंद करायला लेखी दे आणि स्वतःहून पोलिसांना सांग.

लोकांचे चोरलेले पैसे आधी अशाच भाड्याच्या खात्यांत येतात, तिथून पुढच्या, आणि काही मिनिटांत एटीएममधून बाहेर. पोलीस माग काढत येतात तेव्हा पहिलं नाव तुझं सापडतं. खातं गोठवलं जातं आणि गुन्ह्यात आरोपी म्हणून तुझं नाव लागतं. पाच हजारांसाठी कुणाच्या तरी कापसाचे पैसे तुझ्या खात्यातून जाणार, हेही डोळ्यांसमोर आण. तुझ्या नावावर किती सिम आहेत ते 'संचार साथी' या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर दिसतं. तुझं नसलेलं सिम तिथूनच 'माझं नाही' म्हणून कळवता येतं.

व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस म्हणाला, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, तुम्ही 'डिजिटल अटके'त आहात, फोन बंद करू नका. मी दोन तास खुर्चीतून उठलो नाही. शेवटी सून आली आणि तिनं फोन कापला.
— निवृत्त शिक्षक, अमळनेर

गुरुजी, सूनबाईंनी योग्य केलं. डिजिटल अटक अशी गोष्ट आपल्या कायद्यात नाही. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये हे सांगितलं होतं. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत, चौकशीसाठी पैसेही मागत नाहीत. तुम्ही आधारचा नंबर सांगितला असेल तर 'एमआधार' अ‍ॅपमधून बोटांच्या ठशांना कुलूप लावून घ्या, म्हणजे अंगठ्यावर पैसे काढले जाण्याची भीती राहत नाही. तुम्हाला स्वतःला अंगठा लावायचा असेल तेव्हा ते तात्पुरतं उघडता येतं.

धुळे बसस्थानकावर फोन चोरीला गेला. पोलिसांत तक्रार दिली. आता काय?
— प्रवासी, साक्री

त्याच नंबरचं सिम कंपनीकडून पुन्हा काढा, बँकेला कळवा. मग तक्रारीची प्रत आणि बिल घेऊन 'संचार साथी'वर जा. मे २०२३ पासून ही सोय देशभर आहे. आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, दिला की तो फोन देशातल्या कुठल्याही नेटवर्कवर बंद पडतो. हा पंधरा आकडी नंबर खोक्यावर आणि बिलावर असतो. ज्यांचा फोन हातात आहे त्यांनी आत्ताच स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबावं. नंबर दिसेल, तो पासबुकाच्या आतल्या पानावर लिहून ठेवावा.

वीज बिल थकलंय, आज रात्री वीज तोडणार, असा फोन आला. त्यांनी सांगितलेलं अ‍ॅप टाकलं आणि दहा रुपये भरले. नंतर बावीस हजार गेले. ते पैसे मी भिशीसाठी साठवले होते. दोन दिवस झाले, यजमानांना सांगितलेलं नाही. पैसे परत मिळतील का?
— गृहिणी, भुसावळ

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं, असंच झालं होतं. अडतीस हजार. भाचीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेले. पैसे गेले तो दिवस सोमवार होता, आणि मला कळलं ते शुक्रवारी, तेही भाचीच्या तोंडून. सख्ख्या भावाचं मोबाईलचं दुकान, आणि आक्का चार दिवस भाकरी थापत, डोळे पुसत घरात बसली होती. मी विचारलं, का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "लोके काय म्हनतीन?" तोवर ते पैसे चार खात्यांतून फिरून काढले गेले होते. पहिल्या तासात कळलं असतं तर काही तरी अडवता आलं असतं, हे मला आजही टोचतं. तेव्हापासून दुकानाच्या भिंतीवर मी मोठ्या अक्षरांत १९३० लिहून ठेवलंय. येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगतो, आधी १९३०, मग रडणं.

हा राष्ट्रीय सायबर मदत क्रमांक आहे. तिथे तक्रार नोंदली की ती थेट संबंधित बँकांकडे जाते आणि पैसे ज्या खात्यात पोचले असतील तिथे उरलेली रक्कम रोखून धरता येते. रक्कम, वेळ आणि बँकेच्या मेसेजमधला व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. बँकेलाही लेखी द्या आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेचा जुलै २०१७ चा नियम आहे. त्यानुसार चूक तुमची किंवा बँकेची नसून तिऱ्हाइतानं घात केला असेल आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर भुर्दंड तुमच्यावर पडत नाही. पिन किंवा ओटीपी आपण दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं धरतात, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून एक तासही महत्त्वाचा. ते अ‍ॅप तुमची स्क्रीन त्यांना दाखवत होतं, दहा रुपयांसाठी तुम्ही टाकलेला पिन त्यांनी पाहिला. पैसे परत मिळतीलच असं मी खोटं सांगणार नाही.

हा अंक तुमच्या हाती पडेपर्यंत उशीर झाला असता, म्हणून पत्राखालच्या नंबरवर मी त्याच संध्याकाळी फोन केला. तुम्ही घाबरत बोललात, मग मागून यजमानांचा आवाज आला, "कोणाचा फोन आहे?" आणि तुम्ही फोन त्यांच्याच हातात दिलात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग एवढंच विचारलं, "तो नंबर परत सांगा, भाऊ. एक नऊ तीन शून्य ना?"