भानगड आणि कुलधरा पाहायला जाणाऱ्यांसाठी

राजस्थानच्या ग्रामीण भागात ‘झपाटलेली’ म्हणून प्रसिद्ध असलेली कोणती ऐतिहासिक स्थळे पाहावीत आणि तिथे रात्री राहता येते का, असे आपण विचारले आहे. रात्री राहता येत नाही आणि तसा प्रयत्नही करू नये. दिवसा मात्र भानगड आणि कुलधरा अवश्य पाहावे, तेही पुरेसा वेळ हाताशी ठेवून.

अलवर जिल्ह्यातील भानगड अरवलीच्या पायथ्याशी, सरिस्काच्या जंगलालगत आहे. आमेरचे राजे भगवंतदास यांच्या काळात, १५७३ च्या सुमारास वसलेले हे नगर पुढे मानसिंहांचे बंधू माधोसिंह यांच्याकडे आले. राजकन्या रत्नावती, तिच्यावर भाळलेला तांत्रिक आणि त्याने मरताना दिलेला शाप ही कथा आपल्या कानावर येईलच. तिला पुरावा म्हणून पुरातत्त्व खात्याच्या फलकाचा दाखला देतात. तो फलक स्वतः उभे राहून पूर्ण वाचावा: सूर्योदयापूर्वी आणि सूर्यास्तानंतर प्रवेश वर्जित आहे, एवढे सांगून तो लाकूडतोडे व गुराखी यांच्यावरील कारवाईकडे आणि केवड्याच्या झाडांकडे वळतो. भुताचा त्यात उल्लेखही नाही. खात्याची बहुतेक संरक्षित स्मारके याच वेळेत खुली असतात, आणि इथे तर शेजारी वाघांचे जंगल आहे.

हे नगर उतरणीला लागले ते सत्ता दुबळी झाल्यावर. सवाई जयसिंहांनी ते आपल्या राज्याला जोडले आणि १७८३ च्या भीषण दुष्काळानंतर ते ओस पडले, असे इतिहास सांगतो. छपरे गेलेल्या दुकानांच्या ओळींतून चालताना ही हकिकत मला शापापेक्षा अधिक अस्वस्थ करते. उंच जोत्यावरचे गोपीनाथ मंदिर आणि कुंडाशेजारचे सोमेश्वर मंदिर चुकवू नये.

कुलधरा तिथून फार दूर, जैसलमेरच्या नैऋत्येला सुमारे १८ किलोमीटरवर आहे, त्यामुळे दोन्ही एकाच फेरीत बसवू नका. दिवाण सालिमसिंहाची नजर गावातील मुलीवर पडली म्हणून पालीवाल ब्राह्मणांनी ८४ गावे रातोरात सोडली, ही तिथली आख्यायिका. सालिमसिंहाचा जुलूम आणि करांचा बोजा यांची नोंद इतिहासातही आहे; पण विहिरी आटत गेल्या आणि वस्ती हळूहळू घटत गेली, असे अभ्यासक मानतात. भूकंपाची शक्यताही मांडली गेली आहे.

माझ्या मते कुलधऱ्याचे खरे आश्चर्य म्हणजे पालीवालांची खडीन शेती. खडकाळ उतारावरून वाहून येणारे पावसाचे पाणी सखल भागात मातीचा लांब बांध घालून अडवायचे, ते जमिनीत मुरू द्यायचे आणि त्या ओलीवर गहू-हरभऱ्याचे रब्बी पीक घ्यायचे. जैसलमेर भागात खडीन आजही पिकतात. जाता-येता एखादे दाखवायला वाहनचालकाला आवर्जून सांगा. गावाच्या स्मशानातील कोरीव स्मृतिशिळाही शांतपणे पाहाव्यात.

हिवाळ्यात आणि सकाळी लवकर जावे. पाणी सोबत ठेवावे, पडक्या भिंतींवर चढू नये आणि चित्रीकरणासाठी दगड हलवू नयेत. भानगडला जाणाऱ्यांनी त्याच दिवशी दौसा जिल्ह्यातील आभानेरीची चाँद बावडी जोडून घ्यावी. ती भुतांनी एका रात्रीत बांधली असे लोक सांगतात, आणि तिच्या हजारो पायऱ्यांची भूमिती पाहिल्यावर असे का म्हणतात ते लगेच लक्षात येते.