गणपतीत जमलेले पैसे आगग्रस्तांना द्यायचेत, उशीर झालाय का?

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही लॉस एंजेलिसजवळ राहतो. जानेवारी २०२५ ला अल्टाडीना जळलं तेव्हा आमच्या ग्रुपने पाणी, ब्लँकेट, कपडे नेऊन दिले. आता गणपतीत जमलेले थोडे पैसे तिथेच द्यायचेत. पण काहीजण म्हणतात आता काय उपयोग, इन्शुरन्स आणि सरकार आहेच की. काय करावं?

उत्तर : अजिबात उशीर झालेला नाही, खरी गरज आत्ताच आहे. अल्टाडीनाच्या त्या आगीत, म्हणजे ईटन फायरमध्ये, ९ हजारांवर बांधकामं गेली, ती वर्षा-दोन वर्षांत उभी राहत नाहीत हो. कॅलिफोर्नियातलंच पॅराडाइज गाव २०१८ ला असंच जळलं, २०१० ला तिथे २६ हजार लोक होते, २०२० च्या जनगणनेत ५ हजारसुद्धा भरले नाहीत.

इन्शुरन्सचं म्हणाल तर तो सगळ्यांकडे कुठे होता? आसपासच्या बऱ्याच वस्त्यांत कृष्णवर्णीयांना घरच घेऊ देत नसत, म्हणून कितीतरी कुटुंबं अल्टाडीनात आली. तीच घरं आता नातवंडांकडे आलीत, कर्ज कधीच फिटलंय, म्हणजे इन्शुरन्स घ्याच म्हणणारी बँक नाही, कुणाला हप्ता परवडेना, कुणाच्या कागदावर अजून वारलेल्या आजीचं नाव, आणि अशात कुणीतरी रोख पैसे घेऊन प्लॉट मागायला येतो तेव्हा नाही म्हणायला हातात काहीतरी असावं लागतं ना.

शिवाय भाडेकरू आहेत. घरकामाच्या बायका, माळी आहेत, ज्यांचं स्वतःचं घर वाचलं पण कामाची सगळी घरं गेली. ज्यांच्याकडे कागदपत्रं नाहीत त्यांना तर स्वतःच्या नावावर फेमाची, म्हणजे आपत्तीत मदत करणाऱ्या सरकारी संस्थेची, रोख मदत मिळतच नाही.

म्हणून मी म्हणेन की तिथल्याच, आगीच्या आधीपासून काम करणाऱ्या संस्थेला द्या. अल्टाडीनातल्या लेक अव्हेन्यू या रस्त्याच्या पश्चिमेला काम आहे का ते आधी विचारा, तिथे घर सोडायचा आदेश फार उशिरा गेला आणि जवळजवळ सगळे मृत्यू तिकडचेच. सगळी रक्कम एकदम नको, दोन-तीन वर्षांत वाटून द्या. आणि प्लीज, "पगारावर खर्च करू नका" अशी अट घालू नका, मला हे फार मनापासून सांगायचंय. एखाद्या म्हाताऱ्या बाईसोबत बसून फॉर्म भरणारं, परमिटसाठी चकरा मारणारं, भाषा येत नसेल तर फोनवर बोलणारं माणूस पगारीच असतं, आणि तेच नसलं तर मंजूर झालेली मदतसुद्धा पदरात पडत नाही.

देण्याआधी संस्था ५०१ सी ३, म्हणजे करमुक्त नोंदणी असलेली धर्मादाय संस्था, आहे ना तेवढं बघा. ग्रुपमधल्यांच्या कंपन्या मॅचिंग देतात का, म्हणजे आपल्या देणगीत स्वतःची भर घालतात का, तेही एचआरला विचारा, आपली बरीच मंडळी हे विसरतात.