पशुवैद्यकाला विचारा : म्हातारा कुत्रा दत्तक घेताना

प्रश्न : आम्ही पती-पत्नी निवृत्त शिक्षक असून गुहागर तालुक्यात आमचे घर आणि लहानशी वाडी आहे. माझे वय ७१, पत्नीचे ६८. ठाण्याला राहणाऱ्या आमच्या मुलीने तिथल्या एका शेल्टरमधला, अंदाजे दहा वर्षांचा गावठी कुत्रा आमच्यासाठी पाहिला आहे. इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा मूळ मालकांनी त्याला तिथे आणून सोडले, असे समजते. कुत्रा शांत आहे, मात्र त्याच्या डोळ्यांत निळसर झाक दिसते आणि बसल्या जागेवरून उठायला त्याला वेळ लागतो. शेजारी म्हणतात, ‘घ्यायचे तर पिल्लू घ्या; म्हातारा कुत्रा ना लळा लावणार, ना माकडे हाकणार.’ आम्ही काय करावे? आणायचे ठरले तर काय काय पाहून घ्यावे?

उत्तर : माकडांपुरते शेजाऱ्यांचे म्हणणे खरे आहे. कलमांवर उतरलेल्या टोळीमागे दिवसभर धावणे दहा वर्षांच्या, पाय जडावलेल्या कुत्र्याला झेपणार नाही. त्यामुळे वाडीला राखणदार हवा असेल तर याला आणू नये. घरात सोबत हवी असेल, तर मात्र तुमच्या वयाला पिल्लापेक्षा हाच कुत्रा अधिक योग्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडचा गावठी कुत्रा नीट सांभाळला तर बारा ते पंधरा वर्षे सहज जगतो. आज आणलेले पिल्लू म्हातारे होईल तेव्हा तुम्ही पंचाऐंशीच्या घरात असाल, आणि पिल्लाच्या पहिल्या वर्षातली ओढाताण, चावाचावी आणि पट्ट्याला बसणारे हिसके ज्येष्ठांच्या कमरेला व मनगटाला किती महागात पडतात, ते मी दवाखान्यात नेहमी पाहतो. शिवाय पिल्लू मोठेपणी कोणत्या स्वभावाचे निघेल हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. या कुत्र्याचा आकार, स्वभाव आणि खोडी आजच तुमच्यापुढे आहेत. लळ्याची काळजी करू नये, कारण माणसांत वाढलेला कुत्रा कोणत्याही वयात नवे घर स्वीकारतो, फक्त त्याला त्याच्या गतीने वेळ द्यावा लागतो.

‘दहा वर्षे’ हा आकडा अंदाजच समजावा. दुधाचे दात पडून कायमचे दात येईपर्यंत, म्हणजे साधारण सहा-सात महिन्यांपर्यंत, दातांवरून वय बऱ्यापैकी नेमके सांगता येते. त्यानंतर दातांची झीज आणि त्यांवरचे किटण पाहून केवळ अदमास बांधता येतो, आणि दगड चघळण्याची सवय असलेल्या कुत्र्याचे दात लवकर झिजतात. हा कुत्रा आठ वर्षांचाही असू शकतो आणि बाराचाही. म्हणून किती वर्षे उरली, या प्रश्नावर अडून न राहता आज त्याचे शरीर कसे आहे, हे तपासून घ्यावे.

त्यासाठी कुत्रा ठाण्यात असतानाच, मुलीमार्फत, काही तपासण्या करून घ्याव्यात, कारण रक्ततपासणीची आणि क्ष-किरणाची जी सोय तिथे हाकेच्या अंतरावर आहे तिच्यासाठी गावाकडे अर्धा दिवस मोडू शकतो. रक्तातील पेशींची आणि बिंबिकांची (प्लेटलेट्सची) संख्या, मूत्रपिंड व यकृताचे कार्य, गोचीडतापासाठी रक्ताची तपासणी आणि छातीला नळी लावून हृदयाची परीक्षा, इतके तरी व्हायला हवे. यांच्या जोडीला सकाळची पहिली लघवी तपासायला सांगावे. ही सर्वांत स्वस्त तपासणी नेमकी विसरली जाते. मूत्रपिंडाची सुमारे तीन चतुर्थांश क्षमता संपेपर्यंत रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडे गाळून बाहेर टाकतात तो टाकाऊ घटक) बहुधा वाढत नाही, परंतु लघवी पातळ होऊ लागल्याचे त्याआधीच लक्षात येऊ शकते. तोंड उघडून हिरड्याही पाहाव्यात. म्हाताऱ्या कुत्र्याच्या तोंडाला घाण वास येणे लोक स्वाभाविक मानतात, पण बहुतेक वेळा तो कुजलेल्या दाताचा असतो, आणि असा दात काढल्यावर ‘चिडका’ म्हणून ओळखला जाणारा कुत्रा निवळल्याची उदाहरणे कमी नाहीत.

डोळ्यांतील निळसर झाक ऐकून घाबरू नये. वयानुसार डोळ्याचे भिंग घट्ट होत जाते आणि त्यामुळे बाहुली धुरकट निळी दिसते. अशा कुत्र्याला व्यवहारापुरते चांगले दिसते. मोतीबिंदूत बाहुली दुधासारखी पांढरी होते आणि नजर खरोखर जाते. त्याच्यासमोर कापसाचा बोळा वरून सोडून पाहावा. तो पडताना आवाज होत नाही, म्हणून कुत्र्याची मान बोळ्यामागे वळली तर त्याला दिसते आहे, असे समजण्यास हरकत नाही.

उठायला लागणारा वेळ सांध्यांच्या झिजेमुळे असावा. यात औषधाइतकेच घर महत्त्वाचे असते. गुळगुळीत लादीवर मागचे पाय फाकतात आणि एकदा घसरलेला कुत्रा पुढे उठायलाच बिचकतो. म्हणून त्याच्या बसण्या-फिरण्याच्या वाटेवर काथ्याच्या किंवा रबराच्या चटया टाकाव्यात, नखे वेळच्या वेळी कापावीत आणि ओटीच्या जांभ्याच्या पायऱ्या उंच असतील तर बाजूने फळीचा उतार करून द्यावा. वजन वाढू देऊ नये. वेदनाशामक गोळी मात्र फक्त पशुवैद्यकाने वजन पाहून आणि मूत्रपिंड तपासून लिहून दिलेलीच द्यावी. घरातल्या डब्यातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक दिल्याने कुत्र्याच्या जठरात रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि पॅरासिटामॉलही त्याच्यासाठी निर्धोक नाही. आपल्याकडे प्रेमापोटी होणारी ही सर्वांत धोकादायक चूक आहे.

आता कोकणचा पाऊस. उंदरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात आणि चिखलात उतरणारा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूजन्य आजार) माणसांना होतो तसा कुत्र्यांनाही होतो, आणि बाधित कुत्र्याच्या लघवीतून तो घरच्या माणसांपर्यंत पोचू शकतो. त्यावरची लस एकत्रित लसीत मिळते, परंतु पूर्वीची लस नक्की ठाऊक नसेल तर दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा द्याव्या लागतात आणि पुढे दरवर्षी एक. तेव्हा आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या, कामांबरोबर, एप्रिल-मे महिन्यातच, हे उरकावे. रेबीजची लस अर्थातच चुकवू नये. गोचिडींसाठी गोठ्यात वापरायचे औषध किंवा रॉकेल कुत्र्याच्या अंगाला लावण्याची पद्धत गावोगावी आहे. ती विषबाधेला आमंत्रण देणारी आहे. खास कुत्र्यांसाठीच्या गोळ्या मिळतात, मात्र त्याला पूर्वी कधी फिट आली असल्यास ते डॉक्टरांना आधी सांगावे, कारण त्यांतील काही औषधे अशा कुत्र्यांना चालत नाहीत.

प्रवासाबाबत थोडेसे. रेल्वेत वातानुकूलित पहिल्या वर्गाचा संपूर्ण कक्ष आरक्षित असेल तरच कुत्रा आपल्याबरोबर राहू शकतो, अन्यथा त्याला गार्डच्या डब्यातील पेटीत ठेवावे लागते, आणि नुकते घर सुटलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यावर तो प्रसंग आणू नये. खासगी गाडीने, शक्यतो हिवाळ्यात, हलक्या पोटी आणि दर दोन-तीन तासांनी थांबत आणावे. गाडीचे दार उघडण्यापूर्वी पट्टा हातात असावा. गणपतीच्या दिवसांत मुळीच आणू नये, कारण रस्त्यावरची कोंडी, घरी पाहुण्यांचा राबता आणि फटाके यांतले एकही नव्या जागी आलेल्या कुत्र्याला सोसत नाही.

घरी आल्यावर पहिले काही दिवस त्याला आंघोळ घालू नये, कौतुकाने पाहायला येणाऱ्यांना नम्रपणे थोपवावे आणि पडवीच्या एका कोपऱ्यात त्याची जागा ठरवून द्यावी. गडग्याची (दगडी कुंपणाची) उंची कुत्र्याला अडवण्याइतकी क्वचितच असते, म्हणून निदान पहिला महिना-दोन महिने वाडीतही तो पट्ट्यावरच फिरावा आणि गळपट्ट्यावर तुमचा दूरध्वनी क्रमांक असावा. रात्री मात्र तो बंद दाराआडच झोपला पाहिजे. अंगणात बांधलेला कुत्रा बिबट्याला आयता सापडतो. पालापाचोळ्यात आणि जांभ्याच्या कपारींत फुरसे हा विषारी साप असतो, आणि मंद झालेला कुत्रा वेळेवर बाजूला होत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

आहारात भात आणि काटे काढलेली ताजी उकडलेली मासळी उत्तम चालते. सुके बोंबील किंवा खारा बांगडा त्यातील मिठामुळे देऊ नये, शिजवलेली हाडे देऊ नयेत, आणि कांदा-लसणाचा रस्सा भातावर ओतू नये. म्हातारा आहे म्हणून मासे-अंडी बंद करून त्याला नुसत्या पेजेवर ठेवणे चुकीचे आहे, कारण मूत्रपिंडे ठीक असतील तर या वयात स्नायू टिकण्यासाठी प्रथिनांची गरज उलट अधिक असते.

तुमच्यापैकी कोणी आजारी पडल्यास कुत्र्याला कोण पाहील, हे मुलीशी आताच बोलून ठरवावे, आणि गरज पडल्यास शेल्टर त्याला परत घेईल का, ते दत्तकपत्रात लिहून घ्यावे.

प्रश्न : वेंगुर्ल्याला आम्ही गेल्या महिन्यात सुमारे नऊ वर्षांची एक कुत्री दत्तक घेतली. अलीकडे ती खूप पाणी पिते, घरातच लघवी करते आणि जेवण अर्धे टाकते. सासूबाई म्हणतात, वय झाले, आता असेच चालायचे. तिच्या कानाला खाच दिसत नाही.

उत्तर : हा अंक हाती पडताच तिला दवाखान्यात न्यावे, पुढच्या आठवड्याची वाट पाहू नये. सासूबाईंचा मान राखून सांगतो, ‘वय झाले’ हे निदान नव्हे. नसबंदी मोहिमेत शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्यांच्या कानाला ओळखीसाठी खाच पाडलेली असते. ती नसल्याने तुमच्या कुत्रीची नसबंदी झालेली नसण्याची शक्यता बरीच आहे, आणि अशा प्रौढ कुत्रीत तहान वाढणे व अन्न टाकणे या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की सर्वांत आधी गर्भाशयात पू झाल्याचा संशय घ्यावा लागतो. माजावर येऊन गेल्यानंतर काही आठवड्यांत हा विकार होतो. कधी मागून घाण स्राव दिसतो, कधी गर्भाशयाचे तोंड मिटलेले असल्याने काहीच दिसत नाही, आणि हा दुसरा प्रकार अधिक घातक असतो. सोनोग्राफीने निदान होते. गर्भाशय काढून टाकणे हा खात्रीचा उपाय आहे आणि वेळेत शस्त्रक्रिया झाली तर वयस्क कुत्र्याही चांगल्या सावरतात. तसे न निघाल्यास मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार आणि मूत्रमार्गाचा संसर्ग यांची तपासणी त्याच वेळी करून घ्यावी. तोवर तिचे पाणी तोडू नये. लघवी पुसताना हातमोजे वापरावेत आणि जागा जंतुनाशकाने धुवावी, कारण लेप्टोची शक्यता अद्याप नाकारता येत नाही. तालुक्याच्या शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यात सोनोग्राफी नसेल तर जवळपास ती कुठे होते, हे तेथील डॉक्टरांनाच विचारावे.

प्रश्न : दापोलीतील आमचा दत्तक कुत्रा बारा वर्षांचा आहे. रात्री तो घरभर फिरतो, कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहतो आणि विनाकारण भुंकतो. काही उपाय आहे का?

उत्तर : माणसांप्रमाणे कुत्र्यांतही वार्धक्यात स्मृतिभ्रंश होतो आणि तुम्ही सांगितलेली लक्षणे त्याच्याशी जुळतात. परंतु सांधेदुखी, कमी झालेली दृष्टी वा श्रवण आणि वाढलेला रक्तदाब यांमुळेही कुत्रा रात्री असाच बेचैन होतो, म्हणून ही कारणे आधी तपासून घ्यावीत. स्मृतिभ्रंशच ठरला तर तो पूर्ण बरा होत नाही, पण लक्षणे सौम्य करणारी औषधे पशुवैद्यक देऊ शकतात. घरात सामानाची जागा बदलू नये, दिवसा त्याला दोन वेळा थोडे चालवावे, झोपण्यापूर्वी लघवीला नेऊन आणावे आणि तो झोपतो तिथे रात्रभर मंद दिवा ठेवावा. वीज गेल्यास उपयोगी पडेल असा चार्जिंगचा दिवा असल्यास बरे.