रिओचा वास्को : वाचकांचे प्रश्न

ब्राझीलच्या फुटबॉलबद्दल लिहिताना मागच्या वेळी रिओ दि जानेरोच्या वास्को द गामा क्लबचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर इतके प्रश्न आले की आजचा सगळा लेख वास्कोलाच द्यायचं ठरवलं.

आमच्या गोव्यातही वास्को नावाचा क्लब आहे. दोघांचं काही नातं आहे का? आणि ब्राझीलमधल्या क्लबला हे नाव कशाला? (मडगाव)

नातं नावापुरतंच. गोव्यातल्या क्लबला नाव मिळालं ते वास्को शहरावरून. रिओचा क्लब 21 ऑगस्ट 1898 रोजी निघाला. वास्को द गामा कालिकतला पोचला त्याला त्या वर्षी चारशे वर्षं झाली होती आणि क्लब काढणारे बहुतेक पोर्तुगालहून आलेले दुकानदार, कारकून असे लोक होते. मायदेशाचा अभिमान म्हणून त्यांनी हे नाव घेतलं. आपल्या किनाऱ्याला हा माणूस तोफांसाठी आठवतो, त्यामुळे ते नाव वाचून तुम्हाला टोचलं असेल तर मी समजू शकतो. पण पुढे या क्लबने जे केलं ते वाचा.

सुरुवातीला हा नौकानयनाचा क्लब होता. फुटबॉल आला 1915 मध्ये. त्याआधीच, 1904 मध्ये, कांदिदो जोझे दि अराउझो हे मिश्रवर्णीय गृहस्थ क्लबचे अध्यक्ष झाले होते. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली 1888 मध्ये, म्हणजे अवघ्या सोळा वर्षांपूर्वी.

1924 च्या ज्या पत्राचा तुम्ही उल्लेख केला होता, त्यात काय होतं? (पुणे)

या प्रश्नाची मी वाटच बघत होतो.

रिओत फुटबॉल हा तेव्हा पैसेवाल्यांचा शौक. फ्लुमिनेन्सी, बोटाफोगो, फ्लामेंगो हे क्लब चांगल्या घरच्या मुलांचे. खेळाडूला पगार घ्यायला बंदी होती, त्यामुळे पोटासाठी राबणारा माणूस आपोआप बाहेर राहायचा. वास्को 1923 मध्ये वरच्या श्रेणीत आला तो काळे, मिश्रवर्णीय आणि गरीब गोरे कामगार घेऊन. गोलरक्षक नेल्सन दा कॉन्सेइसाओ टॅक्सी चालवायचा. पोर्तुगीज व्यापारी या मुलांना आपल्या दुकानात कामावर दाखवायचे आणि उरुग्वेचे प्रशिक्षक रामोन प्लातेरो त्यांना दिवसभर पळवायचे. दुसऱ्या अर्धात समोरचे दमलेले असायचे, तेव्हा वास्कोवाल्यांचे पाय चालत असायचे.

जिंकल्यावर हातावर बक्षिसी पडायची. ती उघड देता येत नसे, म्हणून तिला प्राण्यांची नावं होती. आपल्याकडे मटका तशी तिकडे प्राण्यांच्या नावांवर आकडे लावायची लॉटरी. किरकोळ रकमेला कुत्रा, मोठीला गाय. ब्राझीलमध्ये आजही खेळाडूच्या विजयी बोनसला ‘बीशू’, म्हणजे जनावर, म्हणतात. तो शब्द इथूनच आला असं सांगतात.

पहिल्याच वर्षी वास्कोने विजेतेपद मारलं. अख्ख्या स्पर्धेत एकच सामना हरले, फ्लामेंगोकडून. बड्या क्लबांना हे झेपलं नाही. 1924 मध्ये त्यांनी नवी संघटना काढली आणि वास्कोला प्रवेशासाठी अट घातली : तुमचे बारा खेळाडू काढा. कारण दिलं होतं व्यवसायाचं आणि राहणीमानाचं. रंगाचं नाव कागदावर नव्हतं. खेळाडूला सामन्याच्या कागदावर सही करता आली पाहिजे, हा नियमही याच हेतूने वापरला जायचा, कारण अनेकांना अक्षरओळख नव्हती.

7 एप्रिल 1924 रोजी अध्यक्ष जोझे आउगुस्तो प्रेस्तेस यांनी उत्तर धाडलं. पत्र छोटं, भाषा सभ्य. हे बारा जण तरुण आहेत, त्यांची आयुष्यं नुकती सुरू होताहेत, विजेतेपद त्यांनी मिळवून दिलं. त्यांच्यावर डाग लागेल असं काही आमच्या हातून होणार नाही, सबब आम्ही तुमच्या संघटनेत येत नाही. विषय संपला. वास्को जुन्या लीगमध्येच राहिला आणि तिथेही विजेता ठरला. पुढच्या वर्षी बड्यांनी त्याला आत घेतलं, खेळाडूंसकट.

म्हणजे काळ्या खेळाडूंना पहिली संधी वास्कोनेच दिली? (कोल्हापूर)

नाही. रिओतल्याच बांगू या कापड गिरणीच्या क्लबकडून फ्रान्सिस्को कारेगाल 1905 मध्ये खेळला होता. वास्को मोठा ठरतो तो दबाव आल्यावर खेळाडूंच्या मागे उभा राहिला म्हणून. ‘पहिला’ हे बिरुद त्याला लावायची गरज नाही.

साओ जानुआरियो स्टेडियम इतकं जुनं, मग ते पाडून नवं का बांधत नाहीत, असं नेहमी वाटतं. (मुंबई)

ते लोकांच्या वर्गणीतून उभं आहे, हे आधी लक्षात घ्या. ‘तुमच्याकडे धड मैदानही नाही’ हा टोमणा वास्कोला ऐकावा लागायचा. समर्थकांनी पैसे जमवले आणि साधारण दहा महिन्यांत स्टेडियम उभं केलं. 21 एप्रिल 1927 ला उद्घाटन झालं. पहिल्या सामन्यात सांतोसने वास्कोला 5-3 हरवलं, पण गर्दीला त्याचं फारसं काही वाटलं नसावं. 1930 मध्ये मोंतेविदेओचं सेंतेनारियो होईपर्यंत हे दक्षिण अमेरिकेतलं सर्वांत मोठं स्टेडियम होतं. दर्शनी भिंतीवर पोर्तुगीज धाटणीच्या फरशा आहेत आणि लगत बारेरा दो वास्को ही झोपडवस्ती. 1 मे 1940 रोजी राष्ट्राध्यक्ष जेतुलियो वार्गास यांनी देशातलं पहिलं किमान वेतन याच मैदानातून जाहीर केलं. कामगारांच्या क्लबच्या मैदानात कामगारांचं वेतन! डागडुजी, वाढ जरूर करावी. पण तो दर्शनी भाग कुणी पाडायला निघालं तर मला मनापासून वाईट वाटेल.

वास्कोचा एकच सामना बघायचा तर कुठला? (नाशिक)

20 डिसेंबर 2000, मेर्कोसुल चषक या दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांच्या स्पर्धेची अंतिम लढत, प्रतिस्पर्धी पाल्मेरासच्या मैदानावर. मध्यंतराला वास्को 0-3 मागे. नंतर एक खेळाडू लाल कार्ड घेऊन बाहेर. तरी 4-3 ने जिंकले. रोमारियोचे तीन गोल, शेवटचा अगदी अखेरच्या क्षणी.

1950 च्या विश्वचषकात ज्याच्यावर खापर फुटलं तो बार्बोझा वास्कोचाच ना? (ठाणे)

हो. 1948 मध्ये सांतियागोत दक्षिण अमेरिकेतल्या विजेत्या क्लबांची स्पर्धा झाली. अर्जेंटिनाच्या रिव्हर प्लेटविरुद्ध 0-0 अशी बरोबरी साधून वास्को विजेता ठरला, त्या सामन्यात गोलरक्षक मोआसिर बार्बोझाने पेनल्टी अडवली होती. दोन वर्षांनी, विश्वचषकात, ब्राझीलच्या संघाचा प्रशिक्षक वास्कोचा, कर्णधार वास्कोचा, सर्वाधिक गोल करणारा आदेमीरही वास्कोचा. 16 जुलैला रिओच्या माराकाना स्टेडियमवर निर्णायक सामन्यात उरुग्वेच्या गिज्जाने जवळच्या खांबालगत चेंडू मारला, ब्राझील 1-2 हरलं, आणि सगळा दोष गोलरक्षकाच्या माथी आला. तो काळा होता. त्याच्याबरोबर ज्या दोन बचावपटूंना बोल लावला, तेही काळेच होते. यापुढे मला वेगळं काही सांगायला नको.

देशाने त्याला माफ केलं नाही. 1993 मध्ये राष्ट्रीय संघाच्या शिबिरात भेटायला गेला तर त्याला आत घेतलं नाही. क्लबने मात्र त्याला टाकलं नव्हतं. 1950 नंतरही तो वास्कोच्या गोलसमोर कित्येक मोसम उभा राहिला, विजेतेपदं मिळवली. बार्बोझा गेला 7 एप्रिल 2000 ला, त्या पत्राच्याच तारखेला. आज वास्कोचे खेळाडू रोज सकाळी जिथे सरावाला जातात, त्या केंद्राच्या फाटकावर त्याचं नाव आहे.