पहाटे तळ्यावर जा

प्रिय,

मत्स्यशेतीच्या बेताचं तुझं पत्र दोनदा वाचलं. तळ्याचं क्षेत्र, बोटुकल्यांची (बोटाएवढ्या पिल्लांची) संख्या, खाद्याचा खर्च, सगळं नीट मांडलंयस. पहाटे तळ्यावर कोण जाणार, एवढंच त्यात नाही.

रात्रभर शेवाळ, मासे आणि तळाचा गाळ सगळेच प्राणवायू वापरतात, तयार कुणीच करत नाही. त्यामुळे उजाडायच्या सुमाराला पाण्यात तो सर्वांत कमी असतो. मासे वर येऊन हवा गिळताना दिसले, तर आपल्याला उशीर झालाय असं समज. लीटरला 5 मिलिग्रॅमच्या खाली प्राणवायू उतरू देऊ नकोस. पहिल्या वर्षी सलग दोन दिवस आभाळ भरलेलं, उन्हाअभावी शेवाळ दिवसाही प्राणवायू कमीच करत असताना मी रोजच्याइतकंच खाद्य टाकलं आणि रात्री पाण्यात हवा मिसळणारा एरेटर बंद ठेवला. तिसऱ्या दिवशी तळं मेलेल्या माशांनी पांढरं झालं होतं. चूक सर्वस्वी माझी होती, आणि ती सकाळ अजून डोळ्यांपुढून जात नाही.

उरलेलं खाद्य कुजून अमोनिया होतो. दुपारी पाण्याचा सामू (pH) चढला की तो जास्त विषारी होतो आणि माशांच्या कल्ल्यांना इजा करतो. तेच पाणी ओढ्यात सोडलंस तर ओढाही नासतो. म्हणून मासे दाट भरू नकोस. तुझे मासे आणि बाहेरचा ओढा, दोन्ही त्याने वाचतील. मांसाहारी जात निवडणार असशील तर तिच्या खाद्यातल्या फिशमीलसाठी, म्हणजे माशांच्या भुकटीसाठी, समुद्रातून किती लहान मासे उपसले जातात, तेही हिशेबात धर. कार्प, तिलापियाला ते फारच कमी लागतं.

माशाला दुखत नाही, असं तुला अनेक जण सांगतील. 2003 मध्ये संशोधक लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत सौम्य आम्ल टोचलं. त्या माशांनी बराच वेळ खाद्याला तोंड लावलं नाही, ओठ खड्यांवर घासले. मला तेवढं पुरेसं वाटतं. काढणीच्या वेळी मासे हवेत किंवा बर्फात तडफडत ठेवू नकोस. डोक्यावरच्या नेमक्या घावाने किंवा विजेच्या झटक्याने आधी त्यांची शुद्ध हरपू दे.

2022 मध्ये पाळलेल्या जलचरांचं जगातलं उत्पादन पहिल्यांदाच पकडलेल्यांच्या पुढे गेलं: 9 कोटी 44 लाख टन. गाय आपण एकेक मोजतो, मासा टनात. तुझ्या वहीत मेलेले मासे नगावर मांड, रोजच्या रोज. पुढच्या पत्रात नफ्याच्या आधी तो आकडा कळव.

तुझा,
काका