नव्याची आवड असलेला नवरा माझं मत का ऐकत नाही?
वाचकांचे प्रश्न : मनाचा मोकळेपणा, घरात आणि कामावर

प्रश्न : लग्नाला नऊ वर्षं झाली. नवऱ्याला नव्या गोष्टींची भारी हौस. कोरियन जेवण, ट्रेक, परभाषेतले सिनेमे, सगळं करून बघतो. मित्र त्याला मोकळ्या मनाचा म्हणतात. पण मुलाला मराठी माध्यमात घालावं असं मी म्हटलं, की ‘तुला त्यातलं कळत नाही’ म्हणून विषय संपवतो. हा कसला मोकळेपणा? (ठाणे)

उत्तर : हौस खरी आहे, फक्त तिचा या भांडणाशी संबंध नाही. व्यक्तिमत्त्वाच्या पाच मुख्य गुणांपैकी खुलेपणा हा एक. मानसशास्त्रज्ञ कॉस्टा आणि मॅक्रे यांच्या १९९२ च्या व्यक्तिमत्त्व-प्रश्नावलीत २४० विधानं आहेत, त्यातली ४८ खुलेपणाची. तीही सहा भागांत विभागलेली : कल्पनाविश्व, सौंदर्याची जाण, भावना, नवं करून पाहणं, विचारांची भूक आणि मूल्यं पुन्हा तपासण्याची तयारी. नवं करून पाहण्यात पुढे असलेला माणूस मूल्यांच्या बाबतीत घट्ट असू शकतो. शिवाय ‘बायकोने विरुद्ध मत मांडलं तर मी काय करतो’ हे ही प्रश्नावली थेट विचारतच नाही. जोडीदाराच्या समाधानावर २०१० मध्ये झालेल्या अनेक अभ्यासांच्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात बाकीच्या चार गुणांचा संबंध दिसला, खुलेपणाचा मात्र दिसला नाही. म्हणून त्याचा स्वभाव बदलायच्या मागे लागू नका. बोलण्याची पद्धत बदला.

एकच विषय, अर्धा तास, दोघांची पोटं भरलेली असताना. आधी तुम्ही पाच मिनिटं बोला. मग त्याने तुमचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत सांगायचं, तुम्ही ‘हो, हेच’ म्हणेपर्यंत. नंतर उलट. इथे हमखास बिघडतं ते असं : ‘म्हणजे तुला वाटतं की घरच्या भाषेत त्याला लवकर समजेल, पण पुढे कॉलेजात...’ त्या ‘पण’पाशी थांबवा. ‘पण’नंतरचं त्याच्या पाळीत बोलू दे.

त्यानंतर दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहायचं : काय दिसलं तर मी माझं मत बदलेन? तो लिहील, ‘त्या शाळेत गणित-विज्ञान सेमी-इंग्रजीत असेल तर.’ तुम्ही लिहाल, ‘इंग्रजी शाळेत पहिली-दुसरीची मुलं वर्गात न घाबरता प्रश्न विचारताना दिसली तर.’ मग दोन्ही शाळांमध्ये जाऊन नेमकं तेवढंच बघून या. कागदावर ‘कशानेच नाही’ आलं, तर अडचण माहितीची नाही. चारचौघांत काय म्हणतील, स्वतःला इंग्रजीने किती त्रास दिला, असं काहीतरी आत आहे. आधी त्याबद्दल बोला.

आवाज चढला तर निदान वीस मिनिटं थांबा. छातीत धडधडत असताना ऐकू येतं, पण डोक्यात शिरत नाही. उठताना ‘साडेनऊला परत बसू’ असं सांगून उठा, नाहीतर तो अबोला होतो. आणि ‘तुला कळत नाही’ हे वाक्य मात्र वेगळं धरा. तो मोकळेपणाचा नाही, मान राखण्याचा प्रश्न आहे. शांतपणे सांगूनही ते थांबत नसेल तर समुपदेशकाकडे दोघांनी जावं.

प्रश्न : मशीन शॉपमध्ये शिफ्ट सुपरवायझर आहे. दर मीटिंगला ‘सूचना द्या’ म्हणतो. कोणी तोंड उघडत नाही. मी तर कोणालाच अडवत नाही. (नाशिक)

उत्तर : अडवत नसाल, पण आधी बोलत असाल. साहेबाचं मत कळल्यावर वेगळं बोलायची कोणाला गरज वाटते? प्रश्न मांडा, चिठ्ठ्या वाटा, तीन मिनिटं सगळ्यांना लिहू द्या. मग सर्वांत नव्या ऑपरेटरपासून वाचायला सुरुवात करा. तुमची पाळी शेवटी.

पहिल्या सूचनेला तुम्ही काय उत्तर देता, त्यावर पुढची येणार की नाही ते ठरतं. समजा ऑपरेटर इन्सर्टबद्दल, म्हणजे धातू कापणाऱ्या बदलत्या पात्याबद्दल, म्हणाला, ‘इन्सर्ट २०० जॉबऐवजी १५० ला बदलू, शेवटी फिनिश बिघडतं.’ तुमच्या तोंडून लगेच निघेल, ‘खर्च कोण देणार?’ संपलं. त्याऐवजी विचारा, ‘कितव्या जॉबपासून दिसतं?’ मग एकाच मशीनवर आठवडाभर १५० ठेवा, शेजारच्या तशाच मशीनवर २००. दोन्हीकडचं रिजेक्शन आणि इन्सर्टचा खर्च फळ्यावर लिहा. दोन्ही मशीनवर जॉब आणि मटेरियल एकच हवं, नाहीतर आकड्यांना अर्थ नाही. सूचना नाकारायची असेल तर आठ दिवसांच्या आत, कारणासह, त्याच माणसाला समोर सांगा. खरं तर नकाराने लोक दुखावत नाहीत. आपण बोललो त्याचं पुढे काय झालं हेच कळत नाही, तेव्हा ते कायमचे गप्प होतात.

नवं फिक्स्चर (जॉब पकडून ठेवणारी चौकट) किंवा नवा लेआउट येणार असेल तेव्हा मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची ‘प्रीमॉर्टेम’ पद्धत वापरा. काम सुरू होण्याआधीच सगळ्यांना सांगा : ‘सहा महिने झाले, हे साफ फसलं. का फसलं ते लिहा.’ ‘काही शंका आहे का?’ या प्रश्नाला मान खाली जाते, कारण शंका म्हणजे विरोध वाटतो. इथे मात्र दोष शोधणं हेच काम असतं.

प्रश्न : कंपनीच्या चाचणीत माझा खुलेपणा कमी आला. बढती अडेल का? (पुणे)

उत्तर : व्यक्तिमत्त्व आणि नोकरीतली कामगिरी यांवरच्या बॅरिक आणि माउंट या संशोधकांच्या १९९१ च्या विश्लेषणात सर्व प्रकारच्या कामांत उपयोगी दिसला तो कर्तव्यदक्षपणा. खुलेपणाचा संबंध मुख्यतः प्रशिक्षणात नवं शिकण्याशी होता. तेव्हा नवं सॉफ्टवेअर आलं की स्वतःहून थोडा जास्त सराव ठेवा, एवढं पुरे. ही चाचणी तुम्हीच तुमच्याबद्दल दिलेल्या उत्तरांवर चालते, हेही एचआरशी बोलताना लक्षात असू द्या.

प्रश्न : आपलंच मत आपल्याला बरोबर वाटत असतं. ते तपासायचं कसं? (सांगली)

उत्तर : मानसशास्त्रज्ञ पीटर वॅसन यांनी १९६० मध्ये लोकांना २, ४, ६ हे आकडे देऊन त्यामागचा नियम ओळखायला सांगितलं. लोक ८, १०, १२ असे आकडे विचारत, ‘बसतात’ असं उत्तर मिळे आणि त्यांची खात्री वाढे. नियम फक्त ‘चढत जाणारे आकडे’ एवढाच होता. १, २, ९ विचारून बघितलं असतं तरी ‘दोन-दोनने वाढतात’ ही समजूत तिथेच पडली असती. तुमचं मत कागदावर लिहा आणि ते चूक असेल तर काय दिसायला हवं, ते खाली लिहा. आठवडाभर फक्त तेच शोधा.