गोळ्या कमी, गप्पा फार

'किलिंग देम सॉफ्टली' (2012) हा अमेरिकी गुन्हेगारीपट गेल्या अंकात आम्ही सुचवला आणि पत्रांचे सरळ दोन तट पडले. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: दोन भुरटे चोर जुगाराचा अड्डा लुटतात, लोक घाबरून खेळायला येईनासे होतात आणि धंद्याची घडी पुन्हा बसवायला जॅकी कोगन (ब्रॅड पिट) या मारेकऱ्याला बोलावलं जातं. सिनेमा 97 मिनिटांचा, त्यातला बराचसा वेळ माणसं बसून बोलतात. दुसऱ्या उत्तरात कथा उघड होते. पाहायचा असेल तर ते तूर्त सोडा.

प्रश्न: समीक्षकांनी वाखाणलेला हा सिनेमा आमच्या घरी निम्म्यांनी मध्येच सोडला. अमेरिकेत तर प्रेक्षकांनी नापासच केला होता म्हणे. चुकतंय कोण?

बऱ्याच अंशी जाहिरात. नापास झाला हे खरं आहे. सिनेमास्कोअर ही संस्था 1979 पासून प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी थिएटरबाहेर प्रेक्षकांकडून कार्डं भरून घेते आणि 'ए' ते 'एफ' अशी श्रेणी देते. या सिनेमाला 'एफ' मिळाली. 'एफ' मोजक्याच चित्रपटांच्या वाट्याला येते, कारण पहिल्या दिवशी येणारा माणूस हौसेने आलेला असतो आणि त्याचा हात सढळ असतो. तिथे 'सी' मिळाली तरी निर्मात्याची झोप उडते.

पण ही श्रेणी नेमकं काय मोजते? जे पाहायला आलो होतो तेच मिळालं का, एवढंच. 'सोलारिस' (2002) आणि 'मदर' (2017) यांनाही 'एफ' पडली होती. तिन्हींची गत एकच: पोस्टरवर मोठा तारा, ओळखीचा प्रकार, आत भलतंच काही. अडीच मिनिटांच्या ट्रेलरमध्ये अख्ख्या सिनेमातल्या बंदुका मावतात, मग उरलेल्या दीड तासात त्या शोधत बसणाऱ्याने चिडायचं नाही तर काय करायचं?

समीक्षकही धुतल्या तांदळासारखे नाहीत. आठवड्याला चार-पाच पाठलाग पाहून विटलेल्या माणसाला कुणी शांत बसून बोलतंय यानेच हायसं वाटतं. त्या सुटकेच्या आनंदाचे दोन गुण परीक्षणात चढलेले असतात, ते वजा करून वाचावं.

प्रश्न: तो जाडा मारेकरी हॉटेलात दारू पितो, बायकोवर आणि वेश्यांवर बोलत राहतो आणि करत काहीच नाही. असे प्रसंग संकलकाने कापायला नकोत का?

'करत काहीच नाही' हीच तिथली घटना आहे. मिकीला (जेम्स गँडॉल्फिनी) एका कामासाठी बोलावलंय, कारण ज्याला उडवायचं तो कोगनला ओळखतो. मिकी बोलत असताना त्याच्याकडे पाहू नका, कोगनकडे पाहा. पहिल्या भेटीत तो पेले मोजतोय. दुसऱ्या भेटीत मोजणं थांबलेलं असतं: हा माणूस कामाचा राहिला नाही हे ठरलंय, आता त्याला वाटेतून कसं दूर करायचं एवढाच प्रश्न आहे. हा निर्णय शब्दांत येत नाही, म्हणून प्रसंग लांब आहे. चार वाक्यांत उरकला असता तर कोगनने मिकीला इतक्या थंडपणे दूर करणं पटलंच नसतं.

गाडीतल्या बैठकांचंही तसंच. वरच्या लोकांचा मध्यस्थ (रिचर्ड जेन्किन्स) आणि कोगन यांच्यात खुनांची चर्चा चालते ती कंत्राटाच्या थाटात: कोणाला, कधी, किती पैशांत. अड्डा चालवणाऱ्या मार्कीने पूर्वी एकदा स्वतःचाच अड्डा लुटवला होता आणि पुढे फुशारकीत ते सांगूनही टाकलं होतं. या वेळी तो निर्दोष आहे. तरी त्याला मरावं लागतं, कारण लोकांना तोच चोर वाटतो आणि लोकांना काय वाटतं यावर धंदा चालतो. हे गाडीतलं बोलणं निसटलं, तर पुढे पावसात संथ गतीने फुटणाऱ्या काचा नुसत्या देखण्या दिसतात.

बोलण्याचा हा सोस मूळ कादंबरीतून आलाय. 'कोगन्स ट्रेड' (1974) लिहिणारे जॉर्ज हिगिन्स सरकारी वकील होते आणि त्यांची पुस्तकं जवळपास संवादांवरच उभी असतात.

आता तुमची बाजू. 2008 च्या निवडणुकीतली आणि आर्थिक पडझडीवरची भाषणं बारमध्ये, गाडीत, टीव्हीवर सतत वाजत राहतात. गुन्हेगारी हाही एक बाजारच, हा मुद्दा दुसऱ्यांदाच कळतो. पाचव्यांदा तो डोक्यात हातोड्याने ठोकल्यासारखा वाटतो. तिथे कात्री चालायला हवी होती. शेवटचा बारमधला प्रसंग मात्र याला अपवाद, कारण तिथे भाषणाला कोगन उत्तर देतो.

संथ आणि कंटाळवाणं यातला फरक ओळखायला दोन प्रश्न पुरतात. प्रसंगाच्या सुरुवातीला वरचढ कोण होतं आणि शेवटी कोण आहे? आधी ठाऊक नसलेलं काय कळलं? दोन्हींचं उत्तर 'तसंच' आणि 'काही नाही' असेल, तर दिग्दर्शक कितीही नावाजलेला असो, खुशाल कंटाळा.

प्रश्न: असे सिनेमे दीडपट वेगाने पाहिले तर काय बिघडतं?

97 मिनिटांचे 65 होतात आणि आवाजाची पट्टी सॉफ्टवेअर सांभाळून घेतं, त्यामुळे शब्द कळतात. बिघडतात ते थांबे. घासाघीस चालू असताना समोरचा दोन सेकंद गप्प राहिला, तर ती गप्प बसण्याची चाल असते. 1.3 सेकंदात ती नुसती श्वास घेतल्यासारखी वाटते. वेळ नसेल तर दोन बैठकांत पाहा, पण प्रसंग संपल्यावर थांबा.

प्रश्न: निम्मे संवाद ऐकूच येत नाहीत. आवाज वाढवावा तर गोळीबाराला शेजारी दार वाजवतात.

नाराजीच्या बऱ्याच पत्रांचं मूळ आम्हाला इथेच दिसतं. 5.1 ध्वनीत (पाच स्पीकर आणि बाससाठी एक वेगळा) संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरवर असतात. टीव्हीला स्पीकर दोनच, म्हणून मधला आवाज दोघांत वाटला जातो आणि संगीत-गोंगाटात मिसळतो. शिवाय थिएटरमध्ये कुजबुज आणि स्फोट यांत जेवढं अंतर परवडतं तेवढं घरात परवडत नाही.

आधी ॲपमधल्या ऑडिओच्या यादीत 5.1 ऐवजी स्टीरिओ निवडा. मग टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमध्ये आभासी सराउंड बंद करा, त्याने संवाद पोकळ होतात. 'नाइट मोड' किंवा 'ऑटो व्हॉल्यूम' असेल तर चालू करा: मोठे आवाज दबतात, बारीक उचलले जातात. 'स्पीच' किंवा 'क्लिअर व्हॉइस' या पर्यायाने शब्दांची धार वाढते, पण बास जातो आणि पावसाचा आवाज पत्र्यावर पडल्यासारखा येतो. तो शेवटचा उपाय. साउंडबार घ्यायचाच असेल तर मधला स्पीकर वेगळा असलेला, म्हणजे 3.0 (तीन स्पीकर) किंवा 3.1 (जोडीला बासचा एक) घ्या आणि फक्त तो मधला दोन-तीन डेसिबलने वाढवा.

सबटायटल लावाच. पण इंग्रजी सबटायटलचा प्रघात असा की एका ओळीत 42 अक्षरं, जास्तीत जास्त दोन ओळी आणि वाचायचा वेग सेकंदाला साधारण 17 ते 20 अक्षरं. गुंड याहून भराभर बोलतात, म्हणून मजकूर छाटला जातो आणि टोमणे, शिव्या, अर्धवट सोडलेली वाक्यं आधी जातात. या प्रकारात नेमकी तीच कामाची असतात. इंग्रजी जमत असेल तर कर्णबधिरांसाठीची इंग्रजी सबटायटल निवडा. ती सहसा मूळ शब्दांच्या जास्त जवळ असतात.

प्रश्न: तिकीट काढण्याआधी रेटिंगवरून काही कळतं का?

सरासरीवरून नाही. दहा जणांपैकी पाच जणांनी 9 आणि पाच जणांनी 2 दिले तरी सरासरी 5.5, निम्म्यांनी 5 आणि निम्म्यांनी 6 दिले तरी 5.5. पहिला सिनेमा तुम्हाला आवडेल किंवा झोंबेल, दुसरा विसराल. म्हणून गुणांची विभागणी दाखवणारे पट्टे पाहा. परीक्षणं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळाचा आकडा म्हणजे अनुकूल परीक्षणांची टक्केवारी. सगळ्यांनी 'बरा आहे' म्हटलं तरी शंभर. मेटाक्रिटिक हे तसलंच संकेतस्थळ मात्र भारित सरासरी काढतं, म्हणजे काही परीक्षणांना जास्त वजन देऊन. आकड्यांपेक्षा एक-तारा परीक्षणं वाचा. 'काही घडतच नाही' ही तक्रार तुम्हाला चालणारी असेल तर तिकीट काढा. 'काय चाललंय कळत नाही' अशा तक्रारी जास्त असतील तर जरा थांबा.

प्रश्न: दोन गुंड टेबलाशी बसून बोलतात असा आठ पानी प्रसंग लघुपटासाठी लिहिलाय. रटाळ होऊ नये म्हणून काय करावं?

पानाला एक मिनिट हा ठोकताळा. नटांना बसवून मोठ्याने वाचून घ्या. दहा मिनिटांच्या वर गेलं तर पहिली दोन पानं काढून पुन्हा वाचा. बहुधा काही अडत नाही, कारण लेखक प्रसंग लवकर सुरू करतो आणि भांडण तिसऱ्या पानावर पेटतं.

चित्रीकरणात कॅमेऱ्याला थोडी वाटचाल द्या. दिग्दर्शक सिडनी ल्युमेट यांनी जवळपास एकाच खोलीत घडणाऱ्या '12 अँग्री मेन' (1957) मध्ये सुरुवातीला कॅमेरा डोळ्यांच्या वर ठेवला, मग डोळ्यांच्या पातळीवर, शेवटी खाली. जोडीला भिंगं लांब पल्ल्याची होत गेली. तीच खोली आवळत जाते. तुमच्याकडे दोन भिंगं असली तरी हे जमतं.

'हीट' (1995) मधल्या कॉफीच्या प्रसंगात दोन्ही नटांवर एकाच वेळी एकेक कॅमेरा होता. एकच कॅमेरा असेल तर ऐकणाऱ्याचा अख्खा टेक, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, वेगळा घ्या. संकलनात तोच तारतो. क्लोज-अपमध्ये नटांना एकमेकांच्या वाक्यावर बोलू देऊ नका, आवाज एकमेकांवर चढला की तिथे काप देता येत नाही. ग्लासातली पातळी प्रत्येक टेकआधी फोटो काढून जुळवा. आणि सगळे निघण्याआधी पंखे, फ्रीज बंद ठेवून रिकाम्या खोलीचा आवाज मिनिटभर ध्वनिमुद्रित करा. संवादांमधले थांबे भरायला तोच लागतो. तो नसला की प्रत्येक काप कानाला टोचतो.